साहेबाच्या देशात वाडी विचारतात

गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या भाच्याचा विलायतेहून फोन आला. इथे अकरा वाजून गेले होते, लाइट गेलेली, समुद्राचा आवाज घरात येत होता. कंदिलाच्या उजेडात मी फोन कानाला लावला. पोरगं पहिल्यांदा काही बोलेनाच. मग म्हणाला, "मामा, इथं पण वाडी विचारतात."

कोकणातल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. घाटावरच्या दोस्तांसाठी सांगतो. आमच्याकडे नुसत्या आडनावाने भागत नाही. जाधव, कदम, पवार, मोहिते ही आडनावं मराठ्यांतही आहेत आणि आमच्यातही आहेत. म्हणून दुसरा प्रश्न येतो. गाव कुठलं? हेदवी. अरे वा, दशभुजा गणपतीचं हेदवी! आम्ही आलोय तिथं. बामणघळ बघितलीय. मग हळूच, चहाचा कप खाली ठेवत, तिसरा प्रश्न: वाडी कुठली तुमची? वाडी सांगितली की माणसाचा सगळा सातबारा समोरच्याच्या डोळ्यांपुढे उघडतो. बौद्धवाडी म्हटलं की "असं का, छान छान" आणि त्यानंतर कप पुढे येत नाही.

(बामणघळीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. खडकाची चीर आहे ती, भरतीला समुद्र तिच्यात घुसतो आणि पाणी उंच उडतं. कधी काळी म्हणे एक बामण त्यात पडला, म्हणून बामणघळ. एक बामण पडला तर खडकाला नाव मिळालं. आमचे किती जण कुठे कुठे पडले, त्यांच्या नावाचा साधा धोंडा दाखवा.)

तर हा भाचा. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बारावीनंतर नर्सिंगचा कोर्स केला, मुंबईत खाजगी दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या. २०२२ साली ब्रिटनने म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या कामगारांना व्हिसा द्यायला सुरुवात केली, कारण त्यांच्याकडे ते काम करायला माणसं मिळेनात. बहिणीने पतपेढीचं कर्ज काढलं, अंगावरचं होतं नव्हतं ते मोडलं, एजंटला दिलं. पोरगं गेलं. २०२५ च्या जुलैपासून बाहेरच्या नव्या माणसांना तो दरवाजा बंद झाला. म्हणजे गरज होती तेव्हा ये, गरज सरली की कोण रे तू?

जाताना मीच त्याला सांगितलं होतं, एस्टीत बसवताना, सगळ्या वाडीच्या देखत: "बाळा, जा. तिथं जात नाही. तिथं माणसाला माणूस म्हणतात." चळवळीत तीस वर्षं काढलेला माणूस मी. भाषणं केली, पोस्टर चिकटवली, लाठ्या खाल्ल्या. आणि मी त्या पोराला हे सांगितलं. आज मला त्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितोय.

मी असं का सांगितलं असेल? एकटा मीच नव्हे, आमच्या वाडीत कुणीही हेच सांगितलं असतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या महार घरांत 'साहेब' हा शब्द शिवीसारखा कधीच वापरला गेला नाही. आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत माझ्या पणज्याचा पितळी बिल्ला होता. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडायला लागला तेव्हा, इंग्रजांनी १११ महार पलटण उभी केली. पणजा भरती झाला. पायात बूट, अंगात कोट, हातात बंदूक. गावात ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या हातात बंदूक! आजी सांगायची, तो सुट्टीवर आला तेव्हा बुटांचा आवाज ऐकून खोताच्या पडवीतली माणसं बाहेर आली होती. १९२१ साली इंग्रजांनी ती पलटण मोडून टाकली. लढाई संपली होती. पणजा परत आला, बूट झिजेपर्यंत वापरले, आणि मग अनवाणी खोताच्या दारात वेठीला उभा राहिला. बिल्ला पेटीत राहिला.

ही गोष्ट लहानपणी आम्हाला अभिमानाची म्हणून सांगितली जायची. मला ती फसवणुकीची गोष्ट आहे हे कळायला पन्नाशी यावी लागली.

कारण हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला महार शिपाई कंपनीसाठी लढले, तिथल्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. आमचे लोक पलटणीत होते म्हणून शिकले, म्हणून दापोलीला लष्करी पेन्शनरांची वस्ती झाली, म्हणून रामजी सुभेदारांसारखा माणूस उभा राहिला. आणि मग १८९० नंतरच्या काळात साहेबाच्या डोक्यात 'लढवय्या जाती'चं खूळ शिरलं आणि महारांची भरती बंद. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढूळचा पेन्शनर शिपाई, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारा माणूस, त्याने १८९४ साली भरतीसाठी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडे अर्ज केला. अर्ज, अर्ज, अर्ज. उत्तर मिळालं ते १९१७ ला, मरायला माणसं पाहिजे होती तेव्हा.

आणि खोती? कोकणातला खोत काही इंग्रजाने जन्माला घातला नाही, कबूल. पण १८८० साली खोती सेटलमेंट ॲक्ट करून त्याला कायद्याच्या कागदावर पक्का कुणी बसवला? साहेबाला वसुली हवी होती, खोत ती करून देत होता. कुळाच्या पाठीवर खोत काय करतो हे साहेबाने कशाला बघावं? बाबासाहेबांनी १९२९ ला चिपळूणला येऊन खोतीविरुद्ध आवाज दिला, १९३७ ला मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करण्याचं बिल आणलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा असेंब्लीवर नेला. कायदा कधी झाला? १९४९ साली. साहेब गेल्यावर.

यामागचं कलम सरळ आहे. १८५७ च्या बंडात साहेब घाबरला. १ नोव्हेंबर १८५८ ला राणीच्या जाहीरनाम्यात शब्द दिला गेला की तुमच्या धर्मात, चालीरीतींत आम्ही ढवळाढवळ करणार नाही. 'तुमच्या' म्हणजे कुणाच्या? ज्यांच्याकडे धर्म होता, देवळं होती, पोथ्या होत्या त्यांच्या. आमच्याकडे काय होतं? आमच्याकडे त्यांच्या चालीरीतींचे वळ होते. ढवळाढवळ करणार नाही म्हणजे वळ तसेच राहतील.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं उकरून काय उपयोग? आजच्या ब्रिटनचं बोला. तेच बोलतोय.

२०१० साली ब्रिटनने समानतेचा मोठा कायदा केला, इक्वॅलिटी ॲक्ट. वंश, धर्म, लिंग, अपंगत्व, वय, अशा सगळ्या कारणांवरून भेदभाव करायला बंदी. त्यात नवव्या कलमात एक छोटं पोटकलम घातलं की मंत्र्याला वाटलं तर तो 'जात' हा शब्द वंशाच्या व्याख्येत आणू शकतो. वाटलं तर. त्याच वर्षी सरकारनेच एका संशोधन संस्थेकडून अहवाल करून घेतला. ब्रिटनमध्ये नोकरीत, शाळेत, सेवांमध्ये जातीवरून त्रास होतो याचे पुरावे त्यात निघाले. पुढे तिथल्या पंजाबी रविदासी, वाल्मिकी, आंबेडकरी लोकांनी धरणी धरली, वरच्या सभागृहातल्या लॉर्ड हॅरीस, लॉर्ड ॲव्हबरी यांच्यासारख्यांनी लावून धरलं, आणि २०१३ साली 'वाटलं तर' जाऊन त्या जागी 'केलंच पाहिजे' आलं. कायदा झाला की मंत्र्याने जात हा शब्द आणलाच पाहिजे.

मग? मंत्र्याने आणला नाही. पाच वर्षं बसून राहिला. २०१७ ला लोकांची मतं मागवली, सोळा हजारांवर उत्तरं आली. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने सांगितलं: गरज नाही. कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत. २०१३ चं ते 'केलंच पाहिजे' सुद्धा सवड मिळाली की काढून टाकू. संसदेने 'केलंच पाहिजे' म्हटलं ते सरकारने 'करणार नाही' करून टाकलं, आणि कुणाची खुर्ची हलली नाही.

विरोध कुणी केला होता? गोऱ्यांनी नव्हे. गोऱ्या माणसाला जात म्हणजे काय हे पुरतं कळतही नाही. विरोध केला तो तिथे बंगले बांधलेल्या, दुकानं काढलेल्या, डॉक्टर-इंजिनियर झालेल्या आमच्याच सवर्ण बांधवांच्या संघटनांनी. त्यांचं म्हणणं असं की ब्रिटनमध्ये जात उरलेलीच नाही. कायदा केला तर नव्या पिढीला उगाच जात कळेल. हिंदूंची बदनामी होईल. साहेबाने मान डोलावली. १८५८ सारखीच. तुमच्या चालीरीतींत आम्ही ढवळाढवळ करणार नाही.

नव्या पिढीला जात कळेल! माझ्या भाच्याला वाडी विचारणारा माणूस तिशीतला होता. त्याला कुठल्या कायद्याने शिकवलं?

आणि या गृहस्थांना एक विचारायचंय. तुम्ही ज्या वंशभेदविरोधी कायद्याच्या छत्रीखाली तिथे उभे आहात, ती छत्री कुणी विकत घेतली? तुम्ही नाही. १९६३ साली ब्रिस्टल शहरातली बस कंपनी काळ्या माणसाला कंडक्टर म्हणून घेत नव्हती. वेस्ट इंडीजमधून आलेल्या काळ्या पोरांनी बसवर बहिष्कार टाकला, चार महिने. कंपनी वाकली. आणि पहिला बिगर-गोरा कंडक्टर म्हणून कोण लागला? रघबीर सिंग, एक शीख. बहिष्कार काळ्यांचा, पहिला डगला आपल्या माणसाच्या अंगावर. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो कष्टाचा माणूस होता. दोन वर्षांनी, १९६५ ला, ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा झाला. मग १९६८ चा, १९७६ चा. मार खाल्ला काळ्यांनी, कामगारांनी, साउथॉलच्या पोरांनी. १९७६ ला तिथे गुरदीपसिंग चग्गर नावाच्या पोराला भोसकून मारलं. १९७९ ला ब्लेअर पीच हा गोरा मास्तर वंशद्वेष्ट्यांविरुद्धच्या मोर्चात पोलिसांच्या माराने मेला. गोरा होता, पण आपल्या बाजूने उभा होता. आणि हे सगळं फुकट मिळालेले लोक २०१८ साली म्हणतात, आमच्या पायाखालचा जो आहे त्याला छत्रीत घेऊ नका.

आता कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत म्हणतात ते कुठले, तेही ऐका. बिहारमधली एक आदिवासी बाई. एका भारतीय कुटुंबाने तिला घरकामाला ब्रिटनमध्ये नेलं. साडेचार वर्षं ठेवली. दिवसाला अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस. झोपायला जमिनीवर गादी. मजुरीचा हिशोब केला तर तासाला अकरा पेन्स. तिथला एक साधा चहाचा कप घ्यायलाही तिला कित्येक तास राबावं लागलं असतं. २०१४ साली अपिलात न्यायाधीशांनी सांगितलं की जात ही काही बाबतींत 'वांशिक मूळ' या शब्दात बसू शकते, म्हणून तिची केस चालवता येईल. २०१५ ला तिला किमान वेतनाच्या थकबाकीपोटी १,८३,७७४ पौंड मंजूर झाले. चांगलं झालं. पण 'बसू शकते' याचा अर्थ बघा. प्रत्येक वेळी प्रत्येकाने पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायचं की माझी जात त्या शब्दात बसते. वकील कोण देणार? रजा कोण देणार? व्हिसा मालकाच्या हातात असलेला माणूस मालकाविरुद्ध 'बसू शकते' घेऊन उभा राहील?

भाच्याचंही तेच आहे. तिथल्या केअर होममध्ये त्याचा वरचा माणूस भारतातलाच, आपल्या बाजूचा, चांगल्या घरातला. पहिले दोन महिने गोड होता. एका लहानशा मराठी मेळाव्यात गणपतीच्या आरतीनंतर याला वाडी विचारली गेली. याने सांगितली. खोटं बोलायला आम्ही त्याला शिकवलं नव्हतं. त्यानंतर पाळ्यांचा कागद बदलला. रात्रपाळ्या याच्याच. अंथरुणात घाण केलेल्या म्हाताऱ्यांचं सगळं याच्याच वाट्याला. एकदा म्हणाला तर उत्तर मिळालं, "तुम्हा लोकांना सवय असते." राहायच्या घरात चार जण होते. एक दिवस याची भांडी वेगळ्या फळीवर ठेवलेली. कुणी बोललं नाही. फक्त फळी वेगळी.

पोरगा म्हणाला, "मामा, म्हाताऱ्यांची घाण काढायला मला काही वाटत नाही. तीच तर नोकरी आहे. एक आजोबा तर मला माझ्या नावाने हाक मारतात, रोज हात धरतात. मला वाईट वाटलं ते फळीचं."

माझे वडील परळच्या गिरणीत होते. रिंगखात्यात. विणकामाच्या साचेखात्यात पगार जास्त होता, पण तिथे आमच्या माणसाला घेत नसत. कारण धोट्यातला धागा तुटला की तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि आमच्या उष्ट्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावणार नव्हता. लाल बावट्याचे लोक वर्गलढा म्हणायचे, आणि धोट्यापाशी आले की गप्प व्हायचे. बाबासाहेबांनी त्यांना हेच विचारलं होतं. फळी वेगळी, धोटा वेगळा, चूळ वेगळी. मुंबईतून लंडनला गेली ती माणसं, आणि जाताना सामानात ही फळी बांधून घेऊन गेली.

पण मित्रांनो, नुसती आपल्या लोकांची जात घेऊन बसलो तर अर्धीच गोष्ट होईल. साहेबाची स्वतःची वर्णव्यवस्था आहे. तिथे जन्माने सरदार झालेला माणूस कायदे करायच्या सभागृहात जाऊन बसायचा, बापाच्या जागी पोरगा. १९९९ ला त्यांना काढायला घेतलं, तरी ब्याण्णव जण ठेवले. लोकशाहीची आई म्हणवणारा देश! बोलण्याच्या उच्चारावरून तिथे माणूस कुठल्या थरातला ते कळतं, म्हणजे तोंड उघडलं की वाडी कळली. संयुक्त राष्ट्रांचा तज्ज्ञ फिलिप ऑल्स्टन २०१८ ला तिथे फिरून आला आणि त्याने सांगितलं की त्या देशात एक कोटी चाळीस लाख माणसं गरिबीत आहेत. म्हणजे पाचातला एक. जगातल्या पाचव्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेत.

१४ जून २०१७. लंडनमधल्या केन्सिंग्टन भागात ग्रेनफेल टॉवर नावाची चोवीस मजली इमारत जळाली. बहात्तर माणसं मेली. केन्सिंग्टन म्हणजे लंडनमधला सगळ्यात श्रीमंत भाग, तिथल्या एका गल्लीत एका घराची किंमत ऐकली तर आपल्या तालुक्याची अंदाजपत्रकं लाजतील. त्या श्रीमंतीच्या पोटातच ही गरिबांची इमारत: सोमालिया, मोरोक्को, सीरिया, बांगलादेश, कॅरिबियन बेटं, आणि गरीब गोरेही. बाहेरून इमारत देखणी दिसावी म्हणून जो मुलामा लावला तोच पेटला. राहणाऱ्यांनी आधीपासून सांगितलं होतं की इथे आग लागली तर आम्ही मरू. ऐकलं कुणी? आपल्याकडे वरळीच्या बीडीडी चाळीतल्या माणसाने तक्रार केली तर कोण ऐकायचं? तसंच.

आणि १९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' बोटीने जे काळे लोक गेले, आणि त्यांच्यामागून गेले, त्यांनी युद्धाने मोडलेला तो देश उभा केला. बस चालवल्या, दवाखान्यात पाट्या उचलल्या. त्यांच्या लहानपणी आलेल्या मुलांना सत्तर वर्षांनी विचारलं गेलं, कागद कुठे आहे? कागद नव्हता, कारण त्यांना कधी लागलाच नव्हता. नोकऱ्या गेल्या, औषधोपचार थांबले, किमान ८३ जणांना देशाबाहेर काढलं. २०१८ ला हे उघड झालं तेव्हा पंतप्रधानाने माफी मागितली, गृहमंत्र्याने राजीनामा दिला. माझा पणजा ही गोष्ट ऐकून म्हणाला असता: पलटण मोडली.

२०२२ च्या दिवाळीत ऋषी सुनक ब्रिटनचा पंतप्रधान झाला तेव्हा आमच्या तालुक्याच्या बाजारात पेढे वाटले गेले. मलाही एक दिला. मी खाल्ला, गोड होता. पण विचारलं, हा आपला कसा? इंग्लंडातल्या महागड्या शाळेत शिकलेला, बँकेतला माणूस, कोट्यधीशाचा जावई. कातडी तपकिरी आहे म्हणून? मग कातडी तपकिरी असलेल्या खोताचेही पेढे वाटा. २०२४ च्या उन्हाळ्यात, सुनकचं सरकार जाऊन महिनाही झाला नव्हता, साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, खोट्या अफवा उठल्या, आणि टोळक्यांनी आसरा मागायला आलेल्या लोकांच्या हॉटेलांना आगी लावायला सुरुवात केली. तेव्हा भाचा दोन रात्री कामावरून घरी गेला नाही. तिथेच खुर्चीत झोपला. त्या टोळक्यांनी त्याला वाडी विचारली नसती. त्याला कातडी पुरली असती. म्हणजे बाहेर गोऱ्याचा दगड आणि आत आपल्या माणसाची फळी, असा तो पोरगा मध्ये.

आणि तरीही मी हे म्हणणार नाही की साहेबाच्या देशात आपलं काही नाही. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ढसाळ, ढाले, पवार यांनी अमेरिकेतल्या काळ्या वाघाचं नाव घेतलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी चार वर्षं, १९६८ ला, लंडनमध्येही ब्लॅक पँथर निघाली होती, हे आपल्यातल्या कितींना माहीत आहे? आणि तिच्यात आपल्या पुण्याचा एक पारशी पोरगा होता, फारुख धोंडी. आणि माला सेन, जिने पुढे फूलन देवीवर पुस्तक लिहिलं. नॉटिंग हिलला फ्रँक क्रिचलो नावाच्या काळ्या माणसाचं 'मँग्रोव्ह' हॉटेल होतं. पोलीस पुन्हा पुन्हा धाडी घालायचे. १९७० च्या ऑगस्टमध्ये लोकांनी मोर्चा काढला, नऊ जणांवर दंगलीचा खटला भरला. पंचावन्न दिवस कोर्ट चाललं, काहींनी स्वतःच वकिली केली, आणि दंगलीच्या आरोपातून नऊच्या नऊ सुटले. न्यायाधीशाच्या तोंडून कबूल करून घेतलं की पोलिसांतही वंशद्वेष आहे. तिथे 'काळा' म्हणजे आफ्रिकेचाही, बेटांवरचाही, आशियाचाही. जो खाली दाबलेला तो काळा. १९७६ ला ग्रन्विकच्या फोटोच्या कारखान्यात जयाबेन देसाई आणि तिच्यासारख्या साडी नेसलेल्या बाया संपावर बसल्या, तेव्हा गोरे खाण कामगार लांबून त्यांच्यासाठी आले. संप हरला. पण आले.

बाबासाहेबांना हे दिसत होतं. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. ते स्वतः लंडनमध्ये अर्धपोटी राहून शिकले, गोलमेज परिषदेत साहेबाच्या तोंडावर विचारलं की दीडशे वर्षांत तुम्ही आमच्यासाठी काय केलंत. ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ ला विकत घेतलं, संग्रहालय केलं. तिथल्या नगरपालिकेने हरकत घेतली की हे राहण्याचं घर आहे, संग्रहालय चालणार नाही. वाद चालला आणि २०२० ला परवानगी मिळाली. आपल्याकडचे मंत्री तिथे जाऊन फोटो काढून येतात. बाबासाहेबांच्या घराला परवानगी मिळाली. बाबासाहेबांच्या प्रश्नाला अजून मिळालेली नाही, आणि त्या मंत्र्यांपैकी कुणी त्या घरातून निघून ब्रिटनच्या सरकारला विचारलं का, की २०१३ च्या कायद्याचं काय केलंत? अमेरिकेत सिएटल शहराने २०२३ ला जातीवर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात विधिमंडळाने बिल पास केलं आणि गव्हर्नरने नाकारलं. सगळीकडे हीच ओढाताण चालू आहे, आणि आपण हेदवीत बसून पेढे खातोय.

कायद्याने फळी एक होईल असं मला वाटत नाही. आपल्याकडे १९५० पासून घटनेचं सतरावं कलम आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, आणि कोकणात शिमग्याची पालखी कुठल्या वाडीत वळते आणि कुठल्या वाडीच्या तोंडावरून सरळ निघून जाते ते मला कुणी सांगायला नको. पण पोलीस स्टेशनात जाऊन टेबलावर बोट ठेवून 'हे कलम लाव' म्हणायला जागा तरी आहे. माझ्या भाच्याला ती जागा तिथे नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला. त्याच्याबरोबर काम करणारी एक काळी बाई आहे, पन्नाशीची. तिचा बाप जमैकाहून गेलेला, बस चालवायचा. तिने याला एक दिवस गप्प बसलेला बघितलं आणि विचारलं. याने सगळं सांगितलं. जात म्हणजे काय ते सांगायला याला दोन रात्रपाळ्या लागल्या. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे मला माहीत आहे, फक्त याचं नाव माहीत नव्हतं. तिने युनियनचा माणूस आणला. तक्रारीचा छापील कागद आणला.

"मामा," भाचा म्हणाला, "या कागदावर रकाने आहेत. वंश आहे, धर्म आहे, लिंग आहे, वय आहे, अपंगत्व आहे. आपला रकाना नाही. मी कुठं खूण करू? धर्मावर केली तर तो म्हणेल मी कुठं तुझ्या बुद्धाला काय बोललो."

मी कंदील जवळ ओढला. बहीण शेजारी येऊन बसली होती, ती म्हणाली, "काय विचारतोय तो?" मी तिला हाताने थांब म्हटलं.

"वंशावर खूण कर," मी सांगितलं. "आणि शेजारी कोरी जागा असेल तिथे हाताने जात असं लिही. मोठ्या अक्षरात. खाली वाडीचं नाव लिही."

"मराठीत?"

"इंग्रजीत लिही आणि मराठीतही लिही."

त्याने लिहिलं. कागदाचा फोटो पाठवलाय. अजून उत्तर आलेलं नाही. पाळ्यांचा कागद मात्र पुन्हा बदलला आहे, त्याच्याबरोबर आता त्या बाईलाही रात्रपाळी लावली आहे.